होडीवरील वीज : दोष कोठे शोधावा?

स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या व्यवसायाविषयी लिहावे, अशी सूचना आली तेव्हा मी प्रथम संकोचलो. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर लहान मच्छीमार होड्यांची विद्युत-दुरुस्ती करणे, हे माझे काम. त्यात सांगण्यासारखे काय असणार? परंतु आपल्या परिवारातील अनेक घरांत आज वायरमन आहेत, आयटीआयमध्ये शिकणारी मुले आहेत; आणि घरातील वीज उत्तम जाणणारा मनुष्यही होडीवर हमखास चुकतो, हे मी स्वानुभवाने जाणतो. ती चूक प्रथम सांगतो.

होडीच्या तळाशी सतत थोडे थोडे पाणी साचत असते. ते उपसून टाकणारा लहानसा बिल्ज पंप बॅटरीवर चालतो. एका वयस्कर तांडेलांचा असा पंप नुसता घुमत होता, पाणी उचलत नव्हता. मी पंपाच्या तारा सोडविल्या, मल्टिमीटर लावला, काटेकोर १२.६ व्होल्ट. वीज पोहोचते आहे, म्हणजे पंप बिघडला, असा निर्णय मी दिला आणि त्यांनी उसने पैसे काढून नवा पंप आणला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा निरोप आला, "दादा, नवा पण तसाच घुमतोय." रात्रभर खलाशी बादलीने पाणी उपसत बसले होते. होडी बुडाली नाही, ती त्यांच्या हातांमुळे. माझ्या ज्ञानामुळे नव्हे.

माझे माप खोटे नव्हते, मापण्याची वेळ चुकली होती. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच विद्युतप्रवाह घेत नाही. आणि प्रवाहच नसेल तर खराब सांध्यातही विद्युतदाब घटत नाही. बागेतील नळी मध्येच दुमडली असली, तरी तोटी बंद असेतोवर पाण्याचा दाब टोकापर्यंत पूर्ण जाणवतो. तोटी उघडल्यावरच धार बारीक होते. तसेच हे. म्हणून होडीवर विद्युतदाब नेहमी यंत्र चालू ठेवून मोजावा. तसे मोजले तेव्हा बॅटरीवर १२.४ आणि पंपाशी अवघे ८.१ व्होल्ट निघाले. मधले ४.३ व्होल्ट वाटेत कोठेतरी गडप होत होते.

ते कोठे, हे शोधण्याची रीत सोपी आहे. पंप चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर धरावे आणि दुसरे टोक धन तारेच्या मार्गाने, एकेका जोडावर टेकवीत, पंपाकडे सरकवीत न्यावे. मार्ग निर्दोष असेल तोवर आकडा शून्याच्या आसपास राहतो. ज्या जोडापलीकडे तो एकदम उडी घेतो, तेथेच दोष. मग ऋण बाजूही याच पद्धतीने तपासावी. ती हटकून विसरली जाते, वास्तविक तेवढाच प्रवाह तिच्यातूनही परत येतो. आमच्या बाबतीत ऋण बाजूला ०.३ व्होल्टचीच घट होती. धन बाजूला फ्लोट स्विचनजीकच्या एका सांध्यात जवळजवळ ४ व्होल्ट जात होते. तारा पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेला तो सांधा तळाच्या पाण्यातच लोळत होता. पट्टी सोडली तेव्हा आत दोन-तीन धागेच शाबूत होते. पंप सुमारे ४ अँपिअर घेत होता. म्हणजे त्या इवल्याशा सांध्यात १६ वॅट उष्णता निर्माण होत होती. लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते, हे लक्षात घेतल्यास शेजारी पेट्रोलची वाफ असती तर काय झाले असते, याची कल्पना यावी.

घरात २३० व्होल्टपैकी एखादा व्होल्ट घटला तर कोणाला कळतही नाही. १२ व्होल्टच्या होडीवर तोच एक व्होल्ट म्हणजे आठ टक्क्यांहून अधिक. त्यातच खारे पाणी. अनेक बारीक धाग्यांची तार दिव्याच्या वातीप्रमाणे ते पाणी वेष्टनाच्या आतून कितीतरी दूर ओढून नेते; बाहेरून तार नवी दिसते, आत तांबे काळे पडलेले असते. म्हणून सांधा नवा करताना चकचकीत तांबे दिसेपर्यंत तार मागे कापावी. काळ्या तांब्यावर केलेला जोड टिकत नाही. आपल्या आज्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावून घेत. होडीसाठीही कल्हई केलेल्या धाग्यांची तार मिळते, ती थोडी महाग असली तरी तीच घ्यावी. तारेची जाडी ठरविताना जाण्यायेण्याचे दोन्ही अंतर धरावे. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.००७ ओहम असतो. दहा मीटरवरील दिव्यासाठी वीस मीटर तार लागते. ५ अँपिअरला ०.७ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात.

जोड पकडीने चेपू नये, लग दाबण्याचे योग्य हत्यार वापरावे आणि वर आतून डिंक असलेली, उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. केवळ सोल्डरवर विसंबू नये, कारण सोल्डर जेथे संपते तेथे तार ताठ होऊन इंजिनाच्या हादऱ्यांनी तुटते. सांधा तळाच्या पाण्यापासून उंच बांधावा. पंपाची तार मुख्य स्विचच्या आधीच, स्वतंत्र फ्यूजमधून, थेट बॅटरीवरून घ्यावी. म्हणजे होडी नांगरून सर्व जण घरी गेले तरी पंप जागा राहतो. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा, कारण तो पंपाचे नव्हे, तारेचे रक्षण करतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणारे शहाणे प्रत्येक बंदरावर भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालीत नाही, तार काढून खिशात घालतो.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीस बंदी असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. ही तपासणी त्याच काळात करावी. रात्रभर स्वस्थ ठेवलेली पूर्ण भारित बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते, १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी. टर्मिनल सोडविताना ऋण आधी सोडवावे, जोडताना ते शेवटी जोडावे.

त्या तांडेलकाकांचा जुना पंप अर्थातच चांगला होता. नव्या पंपाचे पैसे मी तीन हप्त्यांत फेडले. तो पंप त्यांनी होडीवरच ठेवून घेतला, आणि जुना सध्या माझ्या टेबलावर आहे. नवीन आलेल्या उमेदवार मुलास मी प्रथम तोच तपासावयास देतो.