अंगरख्याचा रंग

रोमन शिपायाचा अंगरखा लाल होता की पांढरा, हा प्रश्न पुस्तकं वाचताना मला कधी पडला नव्हता. वाचताना ढाली दिसतात, धूळ दिसते, कपड्यांकडे कोण बघतो! पण एका हातात शून्य नंबरचा ब्रश आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत दीड सेंटीमीटरचा शिपाई आला, की पळवाट उरत नाही. कुठली तरी एक बाटली उघडावीच लागते.

दिवाळीत किल्ले करून वाढलेल्या माणसाला या छंदाची ओळख करून द्यायला फार वेळ लागत नाही. छोटे सैनिक, छोटी टेकडी, हिरवळ, वाटा. फरक एवढाच की आपल्या किल्ल्यावरचे मावळे भाऊबीजेपर्यंत एकाच जागी पहारा देतात आणि इथले शिपाई चालतात. किती चालायचं ते पट्टीने मोजायचं, लढाईत काय झालं ते फाशाला विचारायचं. समोर दुसरा माणूस त्याचं सैन्य मांडून बसलेला असतो.

खेळ मूळचा विलायती. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईला नियम दिले. त्याच्याकडे स्प्रिंगची तोफ होती आणि तिच्या लाकडी गोळीने जो आडवा पडेल तो मेला, इतका सरळ हिशेब होता. तलवार-भाल्यांच्या काळाला हा हिशेब लागू पडत नाही. प्राचीन लढायांची गोडी लावली ती टोनी बाथ या इंग्रज गृहस्थाने. १९६५ मध्ये त्याने ‘सोसायटी ऑफ एन्शन्ट्स’ काढली. तिच्या नियतकालिकाचं नाव ‘स्लिंगशॉट’, म्हणजे गोफण. त्याच दशकात एअरफिक्स कंपनीचे मऊ प्लास्टिकचे रोमन शिपाई बाजारात आले. त्यांचे भाले वाकायचे आणि वाकले की रंगाचे पोपडे पडायचे, तरी एका अख्ख्या पिढीने सुरुवात त्यांच्यावरच केली.

नवख्याने मात्र १९९० सालापासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. त्या वर्षी फिल बार्कर आणि त्याच्या साथीदारांनी ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ नावाची नियमावली काढली. सगळे तिला डीबीए म्हणतात. त्याआधीच्या नियमांत शेकडो शिपाई आणि पानंच्या पानं कोष्टकं असायची. डीबीएने सैन्य बारा तुकड्यांवर आणलं. तुकडी म्हणजे पुठ्ठ्याचा किंवा एमडीएफचा एक आयताकृती बेस, पंधरा मिलिमीटर मापाच्या शिपायांसाठी चाळीस मिलिमीटर रुंद, आणि त्यावर चिकटवलेले दोन, तीन किंवा चार जण. मैदान दोन फूट बाय दोन फूट, आमच्या जेवणाच्या टेबलावर मावतं. डाव तासाभरात संपतो. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी लढलेलं प्रजासत्ताक काळातलं रोमन सैन्य घेतलं तर सहा तुकड्या तलवारवाल्यांच्या, दोन मागच्या रांगेतल्या भालेकरी जुन्या-जाणत्यांच्या, दोन घोडेस्वार, दोन हलक्या पायदळाच्या. एकूण बेचाळीस शिपाई. बेचाळीस रंगवता येतात. चारशे घेऊन बसणाऱ्यांची खोकी वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेली मी पाहिली आहेत.

खरेदी करताना मी व्हायची ती चूक केलीच. ‘रोमन’ एवढंच वाचून पाकीट मागवलं आणि आले ते आडव्या लोखंडी पट्ट्यांचं चिलखत घातलेले शिपाई. चित्रपटात दिसतात तेच, लोरिका सेग्मेंटाटावाले. हॅनिबलने रोमनांची दाणादाण उडवली ती कान्नीची लढाई इ.स.पू. २१६ ची. तेव्हा ऐपतदार रोमन कड्यांचं जाळीदार चिलखत घालत, बाकीचे छातीवर धातूचा एक चौकोनी पत्रा बांधत. पट्ट्यांचं चिलखत आलं ते सुमारे दोनशे वर्षांनी. म्हणजे पानिपतावर भाऊसाहेबांच्या फौजेच्या हाती एके-४७ देण्यातला प्रकार! दोष पाकिटाचा नव्हता, त्यावर ‘साम्राज्यकाळ’ असं स्वच्छ छापलं होतं. तेव्हा आधी शत्रू ठरवा, मग रोमन घ्या. कार्थेजशी लढायचं तर प्रजासत्ताक, जर्मन टोळ्यांशी किंवा डेशियनांशी लढायचं तर साम्राज्य.

आता रंगकाम. धातूच्या शिपायाच्या कडेला साच्याची बारीक रेघ राहिलेली असते, ती कानशीने घासायची. साबणाच्या पाण्याने धुवायचं. मग प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर. हा स्प्रेने मारतात आणि इथे पुण्याच्या पावसाने मला धडा शिकवला. जुलैमधल्या एका उघडिपीत गच्चीवर जाऊन मी वीस शिपायांवर काळा प्राइमर मारला. वाळल्यावर चिलखतांवर रवा पेरल्यासारखा खरखरीत थर. हवेत इतकी ओल असताना स्प्रे मारायचाच नसतो. सगळे स्पिरिटमध्ये बुडवले आणि जुन्या टूथब्रशने दोन संध्याकाळी घासत बसलो. तेव्हापासून पावसाळ्यात प्राइमर ब्रशने, घरात.

पुढची युक्ती शिकायला एक संध्याकाळ पुरते. ब्रशवर चंदेरी रंग घ्यायचा, तो कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उरलेल्या कोरड्या ब्रशने काळ्या शिपायावरून हलके फटकारे मारायचे. जाळीदार चिलखताची प्रत्येक कडी उजळते आणि कड्यांमधल्या खाचा काळ्याच राहतात. याला ड्रायब्रश म्हणतात. वॉशचं काम उलटं. तपकिरी, पातळ रंग वरून सोडला की तो आपोआप खोलगट जागी उतरतो. नाकाखाली, बोटांच्या फटीत, अंगरख्याच्या चुण्यांत सावली पडते. डोळे रंगवायच्या फंदात पडू नका. पंधरा मिलिमीटरच्या शिपायाला डोळे काढले की तो भूत पाहिल्यासारखा दिसतो.

आणि अंगरखा? लाल रंग आपल्या डोक्यात बसवला तो मुख्यतः चित्रकारांनी आणि हॉलिवुडने. इजिप्तमध्ये ममींवर लावलेल्या चित्रांत सैनिक पांढुरक्या अंगरख्यात दिसतात. तिथल्याच फिलाडेल्फिया गावच्या विणकरांना इ.स. १३८ मध्ये फौजेच्या कपड्यांची मागणी आली होती. तो पपायरस टिकला आणि त्यात पांढरा अंगरखाच मागितला आहे. पण हा सगळा पुरावा पूर्वेकडचा आणि नंतरचा. लालाच्या बाजूनेही बोलणारे अभ्यासक आहेत, आणि एकाच तुकडीत दोन्ही रंग असतील असं म्हणणारेही.

ढालींचं तर त्याहून अवघड. पंख आणि विजांची जी नक्षी सगळे रंगवतात ती रोममधल्या सम्राट ट्राजनच्या स्तंभावरून घेतलेली, आणि त्या दगडावर आज रंगाचा मागमूस नाही. त्या वळणदार आयताकृती ढालीचा, स्कूटमचा, रंगासकट टिकलेला नमुना एकच आहे. सीरियातल्या ड्युरा-युरोपस इथे तो सापडला आणि आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहे. लाल पृष्ठभाग, त्यावर गरुड, सिंह आणि पंखवाल्या विजयदेवता. मधला धातूचा फुगवटा गायब. काळ तिसऱ्या शतकाचा, म्हणजे हॅनिबलच्या कामाची नाहीच. मी माझ्या ढाली साध्या लाल ठेवल्या, काठाला पितळी रेघ.

खेळाचं मर्म मला फाशांतून कळलं. डीबीएमध्ये पाळी आली की एक फासा टाकायचा. जितके पडतील तितके हुकूम देता येतात. एक पडला तर एकच हुकूम. पण खेटून उभ्या असलेल्या तुकड्यांची सरळ रांग एका हुकमात पुढे सरकते, आणि रांग फुटली की प्रत्येक तुकडीला वेगळा हुकूम लागतो. भिडल्यावर दोघंही फासा टाकतात, त्यात तुकडीचा ठरलेला आकडा मिळवतात. कमी भरला तो मागे रेटला जातो, निम्मा किंवा त्याहून कमी भरला तर बहुधा टेबलावरून उठतो. चार तुकड्या आधी गमावणारा हरतो. रोमन तलवारवाला पायदळापुढे भारी पडतो, पण रांग तुटली की तोच तिथे एकटा सापडतो. रोमन शिस्तीवर मी बरंच वाचलं होतं. फाशावर लागोपाठ दोनदा एक पडला तेव्हा ती समजली.

पहिला डाव माझ्या शाळासोबत्याशी झाला. तो कार्थेज घेऊन बसला होता. त्याने माझी एक तुकडी उचलून चष्म्याजवळ धरली. एकाचा अंगरखा विटकरी, एकाचा कोरा पांढरा, दोघांचे धुऊन विटलेल्या गुलाबीकडे झुकलेले.

“हे काय? रंग संपला होता का रे?”

“कपड्याचे पैसे त्यांच्या पगारातून कापायचे,” मी म्हटलं. “नवा अंगरखा घेणं परवडेल तेव्हा घेणार.”

त्याने तुकडी जागेवर ठेवली, फासा टाकला, पाच पडले. मग हत्ती पुढे सरकवला.