दहानंतरची टॅक्सी फुकट

शेनझेनच्या नानशान भागात ज्या कंपनीकडून आम्ही सर्किट बोर्ड करून घेत होतो, तिथे मला बसायला एक टेबल दिलं होतं. बोर्डाची चाचणी उरकेपर्यंत हातात काम नसे. मग मी माणसं बघत बसायचो.

दुपारी बाराला सगळा मजला जेवायला उठे. पाऊण तासात माणसं परत येत, कुणीतरी दिवे बंद करी आणि टेबलांखालून घडीच्या खाटा निघत. डोळ्यांवर पट्टी, अंगावर पातळ पांघरूण, बूट शिस्तीत बाजूला. भर दुपारी अख्खा मजला गाढ झोपलेला! वामकुक्षीवरून आपण पुणेकर उगाच बदनाम. दोनला दिवे लागले की खाटा पुन्हा टेबलाखाली. नवा माल बाजारात जायचा असे त्या आठवड्यात त्याच खाटा रात्रीही उघडत.

कागदावर सुटी सहाला. सहाला कुणी उठत नसे. साहेब कुणाला थांबा म्हणत नसत. ते स्वतः जागेवर बसून असत, तेवढं पुरे. संध्याकाळचं जेवण फुकट, पण आठपर्यंत थांबेल त्यालाच. दहानंतर घरी जायला टॅक्सी, कंपनीच्या खर्चाने. साडेआठला ज्याचं काम संपलंय आणि ज्याला लांब लोंगहुआला जायचंय, तो मनात हिशेब मांडतो: दीड तास काढला की मेट्रोत उभं राहणं वाचतं. थांबतो. थांबलाच आहे तर रखडलेल्या मेसेजना उत्तरं देतो, त्यामुळे पलीकडच्या विभागातला माणूसही अडकतो. सव्वादहाला फाटकाबाहेर घोळका, प्रत्येकाच्या मोबाइलवर टॅक्सीच्या रांगेतला आपला नंबर. नंबर फारच मागे असला तर परत वर जाऊन कॉम्प्युटर उघडणारेही मी पाहिलेत.

माझ्या शेजारी बसणारा मुलगा हूनान प्रांतातला, तिशी नुकतीच ओलांडलेला. सहाला का जात नाहीस, असं मी विचारल्यावर तो हसला. वर्षअखेरचा बोनस श्रेणीवर ठरतो आणि श्रेणी साहेबांच्या हातात. शिवाय, ‘पस्तिशीनंतर मला कोण ठेवणार? तोवर जमवायचं.’ ही भीती त्याच्या मनची नाही. तिकडच्या नोकरीच्या जाहिरातींत पस्तीसच्या आतले हवेत, असं सर्रास छापलेलं असतं.

सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, म्हणून या पद्धतीला ‘996’ म्हणतात. जेवणाचे रोजचे दोन तास वजा केले तरी आठवड्याला 60 तास भरतात, म्हणजे 40 तासांच्या आठवड्यापेक्षा 20 जास्त. महिन्याला 80च्या वर. चीनच्या कामगार कायद्यात महिन्याच्या जादा तासांची कमाल मर्यादा 36 आहे. कामाच्या दिवशी जादा तासाला दीडपट, सुटीच्या दिवशी दुप्पट आणि सणाच्या दिवशी तिप्पट मजुरी, हेही त्यात लिहिलेलं आहे. 2019 मध्ये प्रोग्रामरांनी गिटहबवर या पद्धतीविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा अलीबाबाच्या जॅक मा यांनी असं काम करायला मिळणं हे भाग्य असल्याचं सांगितलं. पुढे ऑगस्ट 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आणि कामगारांचा कारभार पाहणाऱ्या मंत्रालयाने 10 प्रकरणं नमुन्यादाखल प्रसिद्ध करून 996 बेकायदा ठरवलं. पहिलंच प्रकरण एका कुरिअर कंपनीचं. नव्याने लागलेल्या कामगाराने नऊ ते नऊ राबायला नकार दिला, कंपनीने काढून टाकलं, लवादाने त्याला 8,000 युआन भरपाई देववली. आगाऊ मंजुरी घेतली नव्हती म्हणून जादा तास धरत नाही, ही पळवाटही याच 10 प्रकरणांतल्या एकात बुजवली आहे.

आमच्या मजल्यावर मात्र जादा कामाचा अर्ज भरताना मी कुणाला पाहिलं नाही. हुकूम कुणी सोडलाच नव्हता, मग अर्ज कशाचा? जेवण, टॅक्सी आणि खाट मिळून जे साधत होतं, ते ओरडून साधलं नसतं. माझ्या मते यातली सगळ्यात महागडी वस्तू ती फुकटची टॅक्सी.

नारायण मूर्तींनी 2023 मध्ये तरुणांकडे आठवड्याला 70 तास मागितले, तेव्हापासून आपल्याकडे हा वाद धुमसतो आहे आणि त्यात चीनचं उदाहरण हटकून येतं. पुढच्या वेळी ते कुणी दिलं, तर त्याला एवढंच विचारा: महिन्याला 36 तासांची मर्यादाही तिथूनच आणणार ना?