संगणकाच्या चालक तबकडीची राखीव प्रत व पुनःस्थापना

खेड्यातील अनेक प्राथमिक शाळांतून आता संगणक येऊन पोहोचला आहे. कोठे तो मुख्याध्यापकांच्या मेजावर असतो, कोठे वर्गखोलीच्या कोपऱ्यात आच्छादनाखाली. तो चालतो आहे तोवर त्याच्या अंतरंगाकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु वीज अवचित जाऊन परत आल्यावर, अथवा तबकडी जीर्ण झाल्यामुळे, एखाद्या सकाळी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ उमटते आणि संगणक पुढे हलत नाही. निकालपत्रके, पोषण आहाराच्या नोंदी, दाखल्यांचे नमुने हे सारे आत अडकून पडते. तालुक्याहून दुरुस्ती करणारा येतो, हार्ड डिस्क पुसून प्रणाली नव्याने बसवितो, व संगणक चालू होतो. मात्र वर्षभराचे काम नाहीसे झालेले असते.

ज्या शिक्षकाने आपल्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवून ठेवल्या असतील त्याची हानी अर्थातच कमी होते. तथापि त्यालाही मराठी टंकलेखनाची मांडणी, छपाईयंत्राची जोडणी आणि लागणारे कार्यक्रम पुन्हा एकेक करून बसवावे लागतात. द्विशिक्षकी शाळेत ह्या कामात दोन दिवस गेले, तर ते दोन दिवस एका वर्गाच्या अध्यापनातून वजा होतात. यास्तव केवळ फाइलींचीच नव्हे, तर संगणक ज्या विभागांवरून चालू होतो त्या विभागांचीही प्रत काढून ठेवणे इष्ट होय.

येथे एक शंका साहजिकपणे येते. ‘सी’ ह्या विभागातील सर्व फाइली निवडून दुसऱ्या तबकडीवर उतरविल्या, तर ती तबकडी लावून संगणक का चालू होऊ नये? उदाहरणाने पाहू. समजा, शाळा जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत हलविली. बाके, फळे, नकाशे, हजेरीपत्रके सर्व नेले. परंतु सकाळी कुलूप उघडणाऱ्या शिपायास किल्ली कोणत्या खुंटीला टांगली आहे हे ठाऊकच नाही. शाळा भरणार कशी? संगणकाची स्थिती तशीच आहे.

कळ दाबताच प्रथम जागी होते ती मुख्य फलकावरील चिपेत साठविलेली एक छोटी आज्ञावली. तिला विंडोज अथवा लिनक्स काहीच ठाऊक नसते. ती फक्त एका ठराविक जागी पाहते. जुन्या पद्धतीच्या संगणकांत, ज्यांत बायॉस असे, ही जागा म्हणजे तबकडीचा अगदी पहिला ५१२ बाइटांचा खंड. त्यातील ४४६ बाइट प्रारंभीच्या आज्ञांसाठी, ६४ बाइट विभागांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखखुणेसाठी असतात. तक्त्यात प्रत्येकी १६ बाइटांच्या चारच नोंदी मावतात. आयबीएमच्या पीसी एक्सटी संगणकासोबत १९८३ साली आलेल्या डॉस २.० पासून ही मांडणी रूढ झाली. हा पहिला खंड कोणत्याही विभागाच्या आत नसतो व ती फाइलही नव्हे. म्हणून फाइली उतरविताना तो मागेच राहतो.

नव्या संगणकांत बायॉसची जागा यूईएफआयने घेतली आहे. तेथे तबकडीवर सामान्यतः शंभर ते तीनशे एमबीचा एक वेगळा विभाग राखलेला असतो आणि प्रणाली सुरू करणारा कार्यक्रम त्यात ठेवलेला असतो. विंडोज हा विभाग नेहमीच्या यादीत दाखवीत नाही, त्यामुळे तो असतो हेच पुष्कळांना माहीत नसते. विभागांचा तक्ताही येथे सुधारलेल्या प्रकारचा असून त्याची दुसरी प्रत तबकडीच्या शेवटी आपोआप ठेवली जाते. ज्यांनी ही पद्धत आखली त्यांनी प्रतीचे महत्त्व ओळखले होते, असे म्हणावयास हरकत नाही. फिरत्या तबकडीऐवजी चिपांची एसएसडी असली तरी मांडणी हीच असते. फरक इतकाच की जुनी तबकडी मरण्यापूर्वी बहुधा कुरकुरते, एसएसडी पुष्कळदा न सांगता जाते.

शिवाय विंडोज चालू असताना तिच्या कित्येक फाइली ती स्वतःच धरून बसलेली असते व साध्या रीतीने त्यांची प्रत निघत नाही. ह्या सर्व अडचणींवर उपाय म्हणजे तबकडीची प्रतिमा, म्हणजेच इमेज, काढणे. प्रतिमेत पहिला खंड, विभागांचा तक्ता, लपलेले विभाग व ‘सी’ विभाग हे सर्व आपापल्या जागेच्या नोंदीसह येतात.

प्रतिमा काढण्याची साधने अनेक आहेत. तैवानच्या उच्चक्षमता संगणन केंद्रात तयार झालेले क्लोनझिला हे त्यांपैकी एक असून ते विनामूल्य मिळते. ते पेनड्राइव्हवर बसवून त्यावरूनच संगणक चालू करावयाचा असतो, म्हणजे आतील तबकडी निद्रिस्त राहते व तिची प्रत निर्वेधपणे घेता येते. संगणक चालू करताना एफ१२, एफ२, एस्केप किंवा डिलीट ह्यांपैकी एक कळ दाबली असता कोठून आरंभ करावयाचा ते निवडता येते. कळ कोणती, हे बनावटीनुसार बदलते. प्रतिमा साठविण्यासाठी बाहेरून जोडण्याची वेगळी हार्ड डिस्क घ्यावी. क्लोनझिला नेहमीच्या प्रकारच्या विभागांतील फक्त वापरलेली जागा उचलते व ती दाबून साठविते. म्हणून ५०० जीबीच्या तबकडीवर ६० जीबीच भरलेले असतील, तर प्रतिमा बहुधा त्याहूनही लहान होते.

आरंभापूर्वी काही गोष्टी पाहिल्याच पाहिजेत. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, संगणक बंद केला तरी तो पूर्णपणे बंद होत नाही. पुढील वेळी लवकर उठता यावे म्हणून आपली काही अवस्था तबकडीवर लिहून ठेवतो. अशा अर्धवट झोपलेल्या विभागाची प्रत घेण्यास क्लोनझिला नकार देते. शिफ्ट कळ दाबून धरून बंद करण्याची आज्ञा दिली म्हणजे तो खरोखर बंद होतो. दुसरे, काही नव्या संगणकांत बिटलॉकरचे कुलूप आपोआप लागलेले असते. त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली आधीच कागदावर उतरवून ठेवावी. तिच्यावाचून काढलेली प्रतिमा कामाच्या वेळी निरुपयोगी ठरू शकते. तिसरे, वीज. हे काम तास-दोन तास चालू शकते, तेव्हा भारनियमनाची वेळ टाळावी किंवा इन्व्हर्टरचा आधार घ्यावा.

पुढील क्रम साधा आहे. तबकडीवरून प्रतिमा करावयाची, असे निवडावे. साठवणीची बाहेरील तबकडी दाखवावी. नंतर संपूर्ण तबकडी जतन करण्याचा पर्याय घ्यावा. प्रतिमेच्या नावात दिनांक घालावा. शेवटी, प्रतिमा परत उतरविण्याजोगी आहे का हे तपासावे काय, असा प्रश्न येतो. वेळ लागतो म्हणून पुष्कळजण तेथे नकार देतात. तसे करू नये.

न तपासलेल्या प्रतीवर विसंबणे किती महागात पडू शकते, ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकेतील पिक्सार ह्या संस्थेत १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ ह्या चित्रपटाचे काम चालू असता, एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाचा बराचसा भाग पुसला गेला. राखीव प्रतींकडे धाव घेतली, तो त्याही नीट भरत नव्हत्या असे आढळले. गॅलिन सस्मन ह्या तंत्रनिर्देशिका बाळंतपणानंतर घरून काम करीत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, तिच्यामुळे काम वाचले. संस्था मोठी, तज्ज्ञ अनेक, तरी ही अवस्था. आणि वाचविले ते इमारतीबाहेर असलेल्या प्रतीने.

आता पुनःस्थापना. संगणक बंद पडताच घाईने प्रतिमा ओतू नये. प्रतिमा मार्चची असेल, तर ती उतरविल्यावर संगणक मार्चच्या त्या दिवसावर जातो व नंतरचे सर्व पुसले जाते. म्हणून तबकडी वाचता येत असेल, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून आधी अलीकडच्या फाइली बाहेर काढून घ्याव्यात. फिरती तबकडी टकटक आवाज करीत असेल, तर तिला वारंवार चालू करणेही टाळावे. प्रत्येक प्रयत्नाने ती अधिक बिघडते. पुष्कळदा बिघाड फक्त आरंभीच्या भागातच असतो. तेव्हा विंडोजच्या स्थापना-पेनड्राइव्हमधील दुरुस्तीच्या सोयीनेच काम भागते व प्रतिमेला हात लावावा लागत नाही.

तबकडी बदलावी लागली, तर नवी तबकडी जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी. लहान असल्यास, डेटा थोडा असला तरी, क्लोनझिला नेहमीच्या रीतीने तीवर प्रतिमा उतरवीत नाही. ह्या टप्प्यावर सर्वांत मोठा धोका मनुष्याच्या हातून घडणाऱ्या चुकीचा आहे. पडद्यावर तबकड्यांची नावे ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी सारखीच दिसतात. जिच्यावर लिहावयाचे ती म्हणून चुकून साठवणीचीच तबकडी निवडली, तर वाचविणारेच नष्ट होते. नाव न पाहता आकार व बनावट पाहून निवड करावी, आणि नको असलेल्या सर्व तबकड्या आधीच काढून ठेवाव्यात. क्लोनझिला दोनदा खात्री विचारते. दुसऱ्या वेळी उत्तर देण्यापूर्वी शेजारच्या सहकाऱ्यास पडदा वाचून दाखविण्यात कमीपणा मुळीच नाही. काम झाल्यावर जुनी व नवी तबकडी एकाच वेळी जोडून संगणक चालू करू नये. दोहोंची ओळखखूण एकच असल्याने विंडोज गोंधळते व एकीला बाजूस ठेवते.

एका शाळेची प्रतिमा दुसऱ्या शाळेच्या निराळ्या बनावटीच्या संगणकात घालण्याचा मोह होतो. विंडोज कधी चालते, कधी चालत नाही, आणि परवान्याचा प्रश्न निराळाच उभा राहतो. हा मार्ग विश्वासाचा नव्हे.

प्रतिमा वर्षातून दोनदा, जूनमध्ये शाळा भरण्यापूर्वी व दिवाळीच्या सुट्टीत, काढली तरी पुरे. विंडोज १० चे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने जेथे प्रणाली बदलावयाची आहे तेथे बदलापूर्वी एक प्रतिमा अवश्य घ्यावी. फाइलींची प्रत मात्र दर आठवड्यास वेगळी काढावी, कारण क्लोनझिलाच्या प्रतिमेतून एखादीच फाइल सहज बाहेर काढता येत नाही. साठवणीची तबकडी काम होताच संगणकापासून अलग करावी. जोडलेली राहिल्यास खंडणीखोर व्हायरस तिलाही कुलूप लावतो. प्रतिमेत विद्यार्थ्यांची सर्व माहिती जशीच्या तशी असते, तेव्हा ती जनरल रजिस्टरसोबत कपाटात कुलूपबंद असावी व तिची दुसरी प्रत केंद्रशाळेत ठेवावी. तबकडीवर चिठ्ठी चिकटवून तीवर संगणकाची बनावट, प्रतिमेचा दिनांक आणि आरंभी दाबावयाची कळ लिहावी, कारण गरज पडेल त्या दिवशी ज्याने प्रतिमा काढली तो शिक्षक बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेला असू शकतो.