अंगणातली पक्की चूल

आमचा तिरोडा तालुका धानाचा. घराजवळ तणसाचे ढीग असायचेच. गेल्या उन्हाळ्यात अंगणात पक्की चूल बांधायला मी ढिगाशेजारची सावलीची जागा निवडली. आई म्हणाली, "बाबू, सावली नको पाहू, वारा पाय. ठिणगी उडाली तं वर्षाचा चारा जाईल." चूल दूर, मोकळ्यावर घेतली.

भाजलेल्या विटा मातीच्या गाऱ्यात रचल्या. सिमेंट तापून-निवून तडकते. नदीतले गोटे चुलीला लावू नयेत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होताना ती सुमारे १७०० पट जागा मागते आणि दगड फुटून उडतो. म्हणून नवी चूलही पूर्ण वाळल्यावरच मंद जाळावर तापवावी.

शेजारी गॅसची शेगडी बसवायची असेल, तर सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी झरोके ठेवावेत. हा वायू हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. हिवाळ्यात उरलेले निखारे उबेसाठी बंद खोलीत नेऊ नयेत. त्यांतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

वाफेचे गणित मी पुस्तकात वाचले होते. वारा पाहायला मात्र शाळेत न गेलेल्या आईने शिकवले.