बेळगावचे नवे रेल्वे स्थानक आणि त्यामागचा मार्ग

दक्षिण-पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागातील बेळगाव स्थानकाच्या पुनर्विकसित इमारतीचे लोकार्पण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते २७ फेब्रुवारी २०२३ रोजी झाले. या इमारतीवर सुमारे १९० कोटी रुपये खर्च झाले. त्याच कार्यक्रमात सुमारे ९३० कोटी रुपये खर्चाचे लोंढा–बेळगाव–घटप्रभा या टप्प्याचे दुहेरीकरणही, म्हणजे एकेरी रुळांशेजारी रुळांची दुसरी जोडी टाकण्याचे कामही, लोकार्पित करण्यात आले. समारंभात साहजिकच इमारतीकडे अधिक लक्ष गेले, कारण नवी दर्शनी बाजू डोळ्यांना दिसते आणि खडीवर टाकलेल्या रुळांची दुसरी जोडी सहसा कोणी पाहायला जात नाही. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र या दोहोंतील मोठी घटना दुसरी होती. स्थानकाचे मोल त्याच्या मार्गावरून ठरते, आणि बेळगावच्या मार्गाचा इतिहास पाहिला तर या शहराला स्थानक मिळाल्यावरही त्या स्थानकाचा पुरता उपयोग करता यावा यासाठी सव्वाशेहून अधिक वर्षे थांबावे लागले, असेच म्हणावे लागते.

बेळगावला रेल्वे आणण्याचे काम सदर्न मराठा रेल्वे या कंपनीने केले. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर आणि दक्षिणेवर जो भीषण दुष्काळ कोसळला, त्यात धान्य एका प्रदेशात असूनही दुसऱ्या प्रदेशात वेळेवर पोहोचवता आले नाही, हा अनुभव सरकारला आला होता. त्यानंतर दुष्काळप्रवण प्रदेशांत धान्य नेता यावे म्हणून ज्या मार्गांचा आग्रह धरला गेला त्यांत दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक यांचा हा पट्टा प्रमुख होता. १८८२ मध्ये कंपनीची स्थापना झाली आणि दशक संपेपर्यंत लोंढा, बेळगाव, गोकाक, मिरज ही ठिकाणे रुळांनी जोडली गेली. त्याच सुमारास मार्मागोवा बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा पोर्तुगीज हद्दीतील मार्ग तयार झाला, त्यामुळे घाटमाथ्यावरच्या बेळगावला समुद्राकडे जाणारी वाटही मिळाली. १९०८ मध्ये ही कंपनी मद्रास रेल्वेच्या एका भागाशी एकत्र होऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे बनली. स्वातंत्र्यानंतर हा मार्ग १९५१ मध्ये दक्षिण रेल्वेत, १९६६ मध्ये दक्षिण-मध्य रेल्वेत आणि २००३ मध्ये हुबळी येथे मुख्यालय असलेल्या दक्षिण-पश्चिम रेल्वेत गेला. शेजारचे मिरज स्थानक मध्य रेल्वेच्या पुणे विभागात आहे. म्हणजे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने मुंबई राज्यातून बाजूला काढलेला हा प्रदेश रेल्वेच्या नकाशावरही दोन प्रशासनांच्या सांध्यावर राहिला.

लष्कराची छावणी, कापडाचा व्यापार आणि घाटाखालचा माल या तिन्हींना या मार्गाचा आधार मिळाला. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावच्या टिळकवाडीत राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, अधिवेशन भरले, ज्याचे अध्यक्षपद महात्मा गांधींनी भूषवले. गांधीजी अध्यक्ष असलेले ते एकमेव अधिवेशन होय. त्याच्या स्वागताची धुरा गंगाधरराव देशपांडे यांनी वाहिली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या प्रतिनिधींचा तो मेळा रेल्वेशिवाय बेळगावसारख्या गावी भरवण्याची कल्पनाही करता आली नसती.

या मार्गाची पहिली मर्यादा त्याच्या रुंदीत होती. दोन रुळांमधील अंतराला गेज म्हणतात. सदर्न मराठा रेल्वेने खर्च वाचवण्यासाठी १ मीटर रुंदीचा मीटरगेज मार्ग घातला होता, तर मुंबईहून पुण्याला येणारा मार्ग १,६७६ मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे ब्रॉडगेज होता. एका रुंदीचा डबा दुसऱ्या रुंदीच्या रुळांवर चालत नाही. त्यामुळे जिथे दोन गेज भेटतात तिथे प्रवाशाला उतरून फलाट बदलावा लागतो आणि मालाचे प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत न्यावे लागते. १९७१ मध्ये पुणे–मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला, तेव्हा ही भेट पुण्याहून मिरजेला सरकली. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ मुंबईहून निघालेला बेळगावचा प्रवासी मिरजेला उतरून, सामान आणि मुले सांभाळत मीटरगेजच्या फलाटाकडे जात असे. बेळगाव आणि मुंबई यांचे नाते शिक्षणाचे, नोकरीचे, गिरणीकामाचे आणि सोयरिकीचे असल्याने ही गैरसोय घरोघरच्या अनुभवाची होती. गोव्याकडची वाट तर १९५५ मध्ये गोवामुक्तीसाठीचा सत्याग्रह आणि आर्थिक नाकेबंदी यांच्या काळात बंदच पडली आणि गोवामुक्तीनंतरच पुन्हा खुली झाली. मिरज–लोंढा मार्गाचे रुंदीकरण १९९० च्या दशकात झाले, तेव्हा कुठे मुंबईहून निघालेला डबा बेळगावच्या फलाटाला लागू लागला.

रुंदी सुटली तरी एकेरीपणा राहिला. एकेरी मार्गावर दोन्ही दिशांच्या गाड्यांसाठी रुळांची एकच जोडी असते, म्हणून समोरासमोर येणाऱ्या गाड्यांपैकी एकीला वाटेतल्या स्थानकात मुख्य मार्गापासून फुटून पुन्हा त्याला मिळणाऱ्या बाजूच्या रुळांवर, म्हणजे लूप लाइनवर, थांबावे लागते. दुसरी गाडी निघून गेली की पहिलीला सिग्नल मिळतो. यालाच बोलीत क्रॉसिंग म्हणतात. सुळधाळ, पाच्छापूर, गुंजी अशा लहान स्थानकांत गाडी कारण न कळता थांबून राहते, चहावाला दोनदा फेरी मारून जातो, आणि मग विरुद्ध दिशेची गाडी धडधडत निघून जाते, हा अनुभव या मार्गावर वर्षानुवर्षे प्रवास केलेल्या प्रत्येकाच्या गाठी आहे.

दोन स्थानकांमधल्या एकेरी रुळांवर एका वेळी एकच गाडी असावी, याची हमी देणारी जी पद्धत भारतातील एकेरी मार्गांवर दीर्घकाळ चालली ती मुळातून समजून घेण्याजोगी आहे. लागोपाठच्या दोन स्थानकांत विजेच्या तारेने जोडलेली टोकन यंत्रे असत. त्यांत लोखंडी गोळे ठेवलेले असत आणि दोन्ही स्टेशनमास्तरांनी घंटेच्या ठरलेल्या संकेतांनी एकमेकांना संमती दिल्यावाचून यंत्रातून गोळा बाहेर पडत नसे. एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीकडून दुसरा निघणे अशक्य असे. तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालून, ती पिशवी वेताच्या किंवा तारेच्या मोठ्या कड्याला बांधून चालकाकडे दिली जाई, आणि हातात गोळा नसेल तर चालकाने स्थानक सोडायचे नाही, असा नियम होता. न थांबणाऱ्या गाडीसाठी पोर्टर फलाटाच्या टोकाशी कडे उंच धरून उभा राही. इंजिनातला माणूस कठड्याला टेकून बाहेर झुके, कड्यात हात घालून ते खांद्यापर्यंत ओढून घेई, आणि मागच्या टप्प्याचे कडे त्याच क्षणी फलाटावर टाकून देई. रात्री, पावसात, मशालीच्या उजेडात हे काम करणाऱ्या माणसांची नावे कोणत्याही कोनशिलेवर कोरलेली नाहीत, पण हजारो प्रवाशांचे प्राण त्यांच्या हाताच्या अचूकपणावर सुरक्षित राहिले. पुढे टोकनविरहित यंत्रणा आणि रंगीत दिव्यांचे सिग्नल आले. सुरक्षितता वाढली, तरी एका वेळी एकच गाडी ही मर्यादा तशीच होती, कारण ती यंत्राची नव्हती, मार्गाचीच होती.

दुहेरीकरणाने ही मर्यादा जाते. जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांना स्वतंत्र रूळ मिळतात, क्रॉसिंगसाठीचा मुक्काम वाचतो, आणि त्याच दिवसात अधिक गाड्या सोडता येतात. नव्या गाडीची मागणी झाली की मार्गाची क्षमता संपली असल्याचे जे उत्तर एकेरी मार्गावर मिळत असते, त्याचा आधार दुहेरी मार्गावर राहत नाही. १६ सप्टेंबर २०२४ पासून पुणे–हुबळी वंदे भारत एक्सप्रेस बेळगावमार्गे धावू लागली आणि १० ऑगस्ट २०२५ रोजी बेंगळुरू–बेळगाव वंदे भारत सुरू झाली. वेगवान गाड्यांना लूप लाइनवर ताटकळत ठेवून चालत नसल्याने अशा गाड्यांसाठी दुहेरी मार्गाची तयारी आधी व्हावी लागते. स्थानकाच्या विकासात कोचिंग डेपोचा, म्हणजे डब्यांच्या देखभालीच्या जागेचा, समावेश होता, तोही गाड्या वाढवण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अशा डेपोत डब्यांच्या तळाची तपासणी करण्यासाठी रुळांखाली खोल खंदक केलेला असतो, त्याला पिट लाइन म्हणतात. चाके, ब्रेक, स्प्रिंगा यांची पाहणी कामगार या खंदकात उभे राहून खालून करतात. ही सोय नसलेले स्थानक केवळ वाटेवरचा थांबा ठरते. ती असली की गाडी तिथूनच सुरू करता येते, आणि मग त्या गावच्या प्रवाशाला मधल्या स्थानकावर मिळणाऱ्या उरल्यासुरल्या जागांवर अवलंबून राहावे लागत नाही.

शहराच्या दृष्टीने मात्र वाढलेल्या गाड्यांना दुसरी बाजू आहे. बेळगावात लोहमार्ग वस्तीच्या मधून जातो, आणि टिळकवाडीतील पहिले, दुसरे व तिसरे रेल्वे गेट ही नावे रेल्वेच्या दप्तरातून निघून लोकांच्या पत्त्यात जाऊन बसली आहेत. गेट पडले की शाळेच्या रिक्षा, उद्यमबागेकडे पाळीला निघालेले कामगार आणि खानापूरकडची बस एकाच रांगेत उभी राहतात. कपिलेश्वर मंदिराजवळचा, गोगटे सर्कलचा आणि तिसऱ्या गेटचा उड्डाणपूल ही या कोंडीची उत्तरे होत. गाड्या वाढवताना असे पूल त्यांच्या बरोबरीने बांधले जावेत, मागाहून नव्हे, ही बेळगावकरांची अपेक्षा रास्तच आहे.

मिरजेकडून येणारी गाडी विजयनगर स्थानक सोडल्यावर महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरते. शेडबाळ, साखर कारखान्याचे उगार, कृष्णेकाठची कुडची, चिंचली, रायबाग, चिकोडी रोड, घटप्रभा अशी ही वाट आहे. माघातील मायाक्का देवीच्या यात्रेला महाराष्ट्रातून चिंचलीस जाणाऱ्या भाविकांसाठी राज्याची हद्द हा प्रवासातला अडथळा नाही. बेळगावच्या दक्षिणेस देसूर, खानापूर, गुंजी आणि लोंढा आहेत. खानापूरची कौले, विटा आणि मातीची भांडी प्रसिद्ध आहेत, आणि तिथल्या मराठी खेड्यांतील विद्यार्थी व नोकरदार रोज बेळगावला ये-जा करतात. जलद गाड्यांच्या कौतुकात या स्थानकांवर थांबणाऱ्या सवारी गाड्या, म्हणजे सर्व थांबे घेणाऱ्या स्वस्त भाड्याच्या गाड्या, मागे पडू नयेत, हे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण या प्रदेशाचा रेल्वेशी रोजचा संबंध त्यांच्यामार्फत येतो.

बेळगावहून धारवाडला रेल्वेने जायचे तर आजही लोंढ्याचा वळसा पडतो. हा वळसा टाळून कित्तूरमार्गे जाणारा सुमारे ७३ किलोमीटरचा नवा मार्ग मंजूर झाला, तो बेळगावचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांच्या प्रयत्नांनी. २३ सप्टेंबर २०२० रोजी कोरोनाने त्यांचे निधन झाले. या मार्गाच्या आखणीत गर्लगुंजी, नंदिहळ्ळी, देसूर परिसरातील सुपीक जमिनी येत असल्याने तेथील शेतकऱ्यांनी विरोध केला आणि पडीक जमिनीतून जाणारा पर्याय सुचवला. रेल्वे नको, असे त्यांचे म्हणणे नाही. पिढ्यानपिढ्या कसलेली जमीन एकदा भरावाखाली गेली की परत मिळत नाही, आणि मार्ग मात्र थोडा वळवता येतो, या त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

निपाणीचा प्रश्न याहून जुना आहे. तंबाखूच्या व्यापारासाठी आणि विडी कामगार स्त्रियांसाठी ओळखल्या जाणाऱ्या, १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनाने देशभर नाव झालेल्या या गावाला रेल्वे स्थानकच नाही. बेळगावहून कोल्हापूर महामार्गाने सुमारे ११० किलोमीटर पडते आणि निपाणी त्याच रस्त्यावर आहे. रेल्वेने जायचे तर घटप्रभा, रायबाग, मिरज असा पूर्वेचा फेरा घेत सुमारे १८५ किलोमीटरचा प्रवास होतो, आणि त्या फेऱ्यात निपाणी कुठेच येत नाही. निपाणीच्या तरुणांचे देवचंद महाविद्यालय गावाला लागूनच, पण महाराष्ट्रातील कागल तालुक्याच्या अर्जुननगरात उभे आहे. दोन राज्यांत अशा रीतीने रोज वावरणाऱ्या या वस्तीला दोन्ही राज्यांना जोडणारा लोहमार्ग मिळणे किती स्वाभाविक ठरेल, हे वेगळे सांगायला नको. संकेश्वर आणि निपाणीमार्गे बेळगाव–कोल्हापूर थेट रेल्वेची मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे. वाटेत हिरण्यकेशी, वेदगंगा आणि दूधगंगा या नद्या आहेत, त्यांवर पूल बांधावे लागतील आणि ऊस-तंबाखूच्या काळ्या जमिनी घ्याव्या लागतील. म्हणून गर्लगुंजीच्या शेतकऱ्यांनी विचारलेला प्रश्न इथे आखणीच्या पहिल्याच दिवशी विचारात घेतला पाहिजे. तोवर निपाणीचा तंबाखू ट्रकने जातो, आणि मुंबईची रात्रीची गाडी पकडायची असेल तर निपाणीकर एसटीने किंवा वडापने, म्हणजे प्रवासी भरून घेणाऱ्या खासगी जीपने, कोल्हापूर गाठतो.