दारातला कुत्रा उन्हात अचानक का दगावतो?



मागच्या मे महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले, तर दोन ताया एकमेकींशी बोलेनात. विचारल्यावर कळलं, एकीचा कुत्रा दुपारी दारातच मरून पडला होता. सकाळी भाकरी खाल्ली आणि दुपारी गेला. "शेजारणीनंच काहीतरी घातलं," असा तिचा संशय.

बैठकीनंतर मी जागा बघितली. कुत्रा पत्र्याच्या शेडच्या खांबाला आखूड साखळीनं बांधलेला असायचा. सकाळी तिथे सावली, अकरानंतर कडक ऊन. पाण्याचं भांडं साखळी पोचत नाही अशा जागी. शवविच्छेदन झालं नव्हतं, त्यामुळे तो कशानं गेला हे मी खात्रीनं सांगणार नाही. पण कुणी विष न घालताही कुत्रा असा जाऊ शकतो, हे आपल्याला माहीत हवं.

असं का होतं?

आपल्याला अंगभर घाम येतो, तो वाळला की गार वाटतं. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना, तोही थोडासा. त्यामुळे जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. हवाच ४४-४५ अंशांवर गेली किंवा दमट झाली, की धापा टाकूनही भागत नाही.

कुत्र्याचं अंग एरवीच ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ च्या वर गेलं की उष्माघात समजा. मग मेंदू, मूत्रपिंड, यकृत, आतडी बिघडायला लागतात. म्हणूनच काही कुत्री त्याच दुपारी जातात, तर काही सावरल्यासारखी दिसून एक-दोन दिवसांनी दगावतात. म्हातारी, लठ्ठ, दाट केसांची आणि चपट्या नाकाची कुत्री लवकर सापडतात.

कसं ओळखायचं?

- न थांबणारी धाप, तोंडातून चिकट लाळ
- हिरड्या लालभडक
- उलटी, जुलाब, कधी रक्तासकट
- झोकांड्या, झटके, बेशुद्धी

लगेच काय करायचं?

१. सावलीत, वाऱ्याला आणा.
२. अंगभर साधं गार पाणी ओता, पंखा लावा किंवा सुपानं वारा घाला. ओलं पोतं अंगावर झाकून ठेवू नका, त्यात उष्णता कोंडते.
३. शुद्धीवर असेल तर पाणी पुढे ठेवा. तोंडात ओतू नका, ते फुफ्फुसात जाऊ शकतं.
४. पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा. बरा वाटला तरी दाखवाच.

एक सावधगिरी: लाळ आणि झटके पिसाळलेल्या कुत्र्यालाही असतात. तोंडाजवळ हात नेऊ नका. चावला किंवा लाळ जखमेला लागली, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

रोजची काळजी

सावली सरकते, हे विसरू नका. सकाळची नाही, दुपारी दोनची सावली बघून बांधा. पत्र्याखाली नको, झाडाखाली बरं. मजुरीला जाताना पसरट, सहज न सांडणारं पाण्याचं भांडं त्याच्या तोंडाला येईल असं ठेवा. शक्य असेल तर मोकळाच सोडा, तो आपली गार जागा शोधतो. शेळ्या-कोंबड्यांनाही सावली आणि पाणी तितकंच लागतं.

त्या दोन ताया अजून पूर्वीसारख्या बोलत नाहीत. पण हप्ता भरायला आता एकत्र येतात. पुढच्या बैठकीत दहा मिनिटं या विषयाला द्या. दारातला जीवही वाचेल आणि शेजारधर्मही.