व्हॉल्व्ह बदलल्यावर घरी

हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेला पेशंट साधारण आठ-दहा दिवसांत घरी येतो. डिस्चार्जच्या दिवशी बिलाची आणि गाडीची गडबड असते. तेवढ्यात नर्स भराभर सूचना सांगते, त्या नवरा किंवा मुलगा ऐकतो, आणि जिच्या छातीत नवा व्हॉल्व्ह बसला आहे तिच्यापर्यंत त्यातलं फारसं पोचतच नाही. माझ्या वहिनीच्या ऑपरेशननंतर हे मी जवळून पाहिलं. पुढचे तीन महिने आणि खरं तर पुढचं सगळं आयुष्य त्या सूचनांवर अवलंबून असतं. म्हणून त्या पेशंटला स्वतःला कळायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे.

‘ती’ म्हणण्याला कारण आहे. आपल्याकडे या ऑपरेशनला तरुण बायका बऱ्याच असतात. पाच ते पंधराच्या वयात स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा धरतो. त्यावर पुरते उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना सांधे सुजवणारा ताप येतो. ताप उतरतो, सांधेही बरे होतात, पण हृदयाच्या झडपांना झालेली इजा राहून जाते. झडप वर्षानुवर्षं आखडत जाते. पुष्कळ जणींना ते कळतं गरोदरपणात, कारण तेव्हा अंगातलं रक्त वाढतं आणि अरुंद झडपेतून ते पुढे सरकत नाही. जिना चढताना धाप लागते, रात्री आडवं पडवत नाही.

तरुण पेशंटला बहुधा यांत्रिक व्हॉल्व्ह बसवतात, कारण जनावराच्या ऊतीपासून केलेला व्हॉल्व्ह तरुण शरीरात लवकर खराब होतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या देशातला यांत्रिक व्हॉल्व्ह घडवला. आधीचे नमुने फसले, चौथा टिकला आणि डिसेंबर १९९० मध्ये तो पहिल्यांदा माणसाला बसवला गेला. परदेशी व्हॉल्व्हची किंमत न परवडणाऱ्या किती घरांना त्याचा आधार झाला असेल!

घरी आल्यावर पहिली काळजी छातीच्या हाडाची. हे हाड मधोमध कापून स्टीलच्या तारांनी पुन्हा बांधलेलं असतं. ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरतं मजबूत व्हायला तीन महिने. तोवर हातांवर भार देऊन उठायचं नाही. वहिनीला फिजिओथेरपिस्टने शिकवलेली पद्धत अशी: गुडघे दुमडायचे, उशी छातीशी घट्ट धरायची, खांदे आणि कंबर एकदमच कुशीवर वळवायची, पाय पलंगावरून खाली सोडायचे आणि पायांच्या वजनाने धड वर येऊ द्यायचं. खोकला किंवा शिंक आली की तीच उशी पुन्हा छातीशी. दोन-तीन किलोंपेक्षा जड काही उचलायचं नाही. म्हणजे भरलेली कळशी नाही, पाच लिटरचा कुकर नाही, मूल कडेवर नाही. चादर पिळणं, कणीक तिंबणं, जड दार ओढणं हेसुद्धा बंद. दुचाकीवर मागे बसणंही नको. उकिडवं बसून उठताना हातांवर जोर येतो, म्हणून घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणावी. हाड हलल्यासारखं किंवा कट्ट वाजल्यासारखं वाटलं, टाक्यांतून पाणी किंवा पू आला, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवायचं.

मात्र जपायचं म्हणजे झोपवून ठेवायचं नाही. आपल्या घरांत माया इथेच नडते. पेशंटला पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत आणि फुप्फुसांत कफ साचत जातो. पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात चालायचं, रोज थोडं वाढवायचं. चालताना बोलता येईल इतकाच वेग ठेवायचा. तीन गोळे श्वासाने वर ओढायचं यंत्र मिळालेलं असतं, ते जागेपणी दर तासाला थोडा वेळ वापरायचं. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करायचं. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं आणि पायांवर सूज दिसली, तर अंगात पाणी साचतं आहे असं समजून डॉक्टरांना फोन करायचा.

सगळ्यात मोठा भाग रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा. यांत्रिक व्हॉल्व्हच्या पृष्ठभागावर रक्ताची गुठळी धरू शकते. गुठळीने व्हॉल्व्ह अडकतो, किंवा ती मेंदूत जाऊन लकवा होतो. म्हणून वॉरफरिन किंवा असेनोकुमारोल जन्मभर घ्यावं लागतं. वॉरफरिनची कुळकथा विलक्षण आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत सडका गोड क्लोव्हर चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातलं द्रव्य वेगळं काढलं. त्याच घराण्यातलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मंजूर झालं. डोस कमी पडला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव, अशी या औषधाची जात आहे.

तो डोस आयएनआर या रक्ततपासणीवर ठरतो. निरोगी माणसाचा आकडा एकच्या आसपास असतो. हृदयातल्या मायट्रल झडपेच्या जागी यांत्रिक व्हॉल्व्ह असेल तर तो सहसा अडीच ते साडेतीनमध्ये ठेवतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं तरी या तपासणीचा हेलपाटा जन्माचा आहे. शक्यतो एकाच लॅबमध्ये ती करावी. एक वही घालावी: तारीख, आकडा, डोस, पुढची तारीख. डोस नेहमी मिलिग्रॅममध्ये लिहावा. या गोळ्या एक, दोन, तीन, चार मिलिग्रॅमच्या येतात आणि नुसतं ‘दीड गोळी’ लिहिलं की नवी स्ट्रिप आणल्यावर घोटाळा होतो. गोळी संध्याकाळी ठरल्या वेळी घ्यायची. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही.

‘पालेभाज्या बंद’ हा सल्ला घरोघर दिला जातो, तो बरोबर नाही. ही गोळी क जीवनसत्त्वाच्या नव्हे, के जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करते आणि ते पालक, मेथी, कोथिंबीर, कोबीत भरपूर असतं. भाजी खावी, पण प्रमाण आठवड्यागणिक सारखं ठेवावं. महिनाभर मेथीला हात लावायचा नाही आणि मग हिवाळ्यात रोज जुडीभर खायची, असं केलं की आकडा घसरतो. नवरात्राचे नऊ दिवस उपास धरले तरी तो हलतो. त्याआधी डॉक्टरांशी बोलावं. अंगदुखीवर मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणायचं नाही, काढे-चूर्णंही विचारल्याशिवाय नाहीत. काळी शौच, लाल लघवी, डोक्याला मार यांत वाट पाहायची नाही. एकाएकी धाप लागली, व्हॉल्व्हची टिकटिक मंद झाली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर वही घेऊन थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं.

तापाचंही तसंच. नव्या व्हॉल्व्हवर जंतू बसू शकतात. ताप आला की रक्ताचं कल्चर पाठवल्याशिवाय अँटिबायोटिक सुरू करू नये. दात काढण्याआधी अँटिबायोटिकचा डोस लागतो, हे दातांच्या डॉक्टरांना आपण होऊन सांगावं. मिश्री लावण्याची सवय असेल तर ती कायमची सोडावी, कारण हिरड्यांतूनच जंतू रक्तात जातात. लहानपणच्या तापामुळे झडप गेली असेल तर पेनिसिलिन ऑपरेशननंतरही बहुधा चालू ठेवतात. रक्त पातळ असताना ते इंजेक्शनने द्यायचं की गोळीने, हे डॉक्टर ठरवतात.

पहिले काही आठवडे जेवण नकोसं होतं, झोप मोडते, कारण नसताना रडू येतं. शांत खोलीत आपल्याच छातीतली टिकटिक ऐकून वहिनी उठून बसायची. डाव्या कुशीवर ती जास्त जाणवते म्हणून ती उजवीकडे वळून झोपू लागली. हे मन कमकुवत असल्याचं लक्षण नाही, मोठ्या ऑपरेशननंतर असं होतं. पण आठवडेच्या आठवडे असंच राहिलं तर तेही डॉक्टरांना सांगायला हवं.

आणि तरुण बाईला जे हटकून सांगायला हवं, ते घरात संकोचापोटी राहून जातं. या गोळ्यांवर पाळीत रक्तस्राव वाढू शकतो, तो सोसत बसायचा नाही. गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत ही गोळी गर्भाला इजा करू शकते, आणि मनाने बंद केली तर आईच्या व्हॉल्व्हवर गुठळी धरू शकते. मूल हवं असेल तर दिवस जाण्याच्या आधी हृदयाच्या आणि स्त्रीरोगाच्या डॉक्टरांना एकत्र भेटून औषधांचं ठरवावं. मूल नको असेल तर कोणतं साधन वापरायचं, हेही त्यांनाच विचारावं. ही गोष्ट सासूला किंवा नवऱ्याला सांगून भागत नाही. पाळी चार दिवस पुढे गेली की डॉक्टरांना फोन तिने करायचा असतो. म्हणून नंबर तिच्या मोबाइलमध्ये हवा आणि वही तिच्या कपाटात.